साडीचा हिशेब बरोबर, पॉलिसीचा चुकला

पत्र कोल्हापूरच्या राजारामपुरीतून आलंय. बाई ५४ वर्षांच्या, एका पतसंस्थेत कॅशियर, ५८ ला निवृत्त होणार. पगार हातात ४२ हजार. मिस्टर सूतगिरणीतून निवृत्त, वय ६१, पेन्शन ३ हजार, शुगर आणि बीपीच्या गोळ्या चालू. घरखर्च २४ हजार, पुण्यात शिकणाऱ्या मुलाला ५ हजार, गुजरीत सराफाकडे सोन्याची भिशी ५ हजार, कपड्यांना अडीच हजार. त्या लिहितात: “दिवसभर काउंटरवर चारचौघांसमोर बसते. नीटनेटकं राहायला आवडतं. घरात मात्र म्हणतात, या वयात कशाला एवढं? महिन्याला अडीच हजार जास्त होतात का? कमी पैशांत चांगलं कसं राहता येईल? पुढची सोय तशी केलेली आहे. बँकेतल्या ओळखीच्या मॅडमनी पॉलिसी दिलीय, वर्षाला १ लाख, सात वर्षं. नंतर दरवर्षी ४० हजार येणार, ते फक्त माझ्या साड्यांचे. त्यामुळे यंदा मेडिक्लेम मात्र भरला नाही, दोन्ही झेपेना.”

ताई, साड्यांचं नंतर बोलू. तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी हातातला चहा खाली ठेवला.

मेडिक्लेमची मुदत ६ तारखेला संपली होती आणि पत्र मला मिळालं २६ ला. वार्षिक हप्त्याला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते. त्या दिवसांत दवाखान्यात गेलात तर पैसे मिळत नाहीत, पण तेवढ्यात हप्ता भरला तर जुनी पॉलिसी सलग धरली जाते. म्हणून हे उत्तर छापून यायची वाट न पाहता त्याच संध्याकाळी तुम्हाला ईमेल केला. दोन दिवसांनी तुमचं एका शब्दाचं उत्तर आलं: “भरला.” बरं झालं.

तुमच्यासारखा विचार करणाऱ्या इतरांसाठी सांगतो, सवलतीच्या त्या उरलेल्या दहा दिवसांत काय पणाला लागलं होतं. नऊ वर्षं सलग चालवलेली दहा लाखांची पॉलिसी. मिस्टरांच्या शुगरचा वेटिंग पीरियड, म्हणजे जुन्या आजाराला पैसे न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, कधीच संपलेला. सलग ६० महिने झाल्यावर ‘तुम्ही आजार लपवला’ म्हणून, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. तेही कवच मिळालेलं. हे सगळं सोडून ६१ व्या वर्षी शुगर-बीपीसकट नव्या पॉलिसीच्या दारात उभं राहायचं, म्हणजे घेतलं तर घेतलं, आणि घेतलं तरी जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबा. ‘महात्मा फुले योजना आहे की’ असं मिस्टर म्हणाले म्हणे. सरकारची ही योजना चांगली आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. पण ती ठरलेल्या उपचारांना आणि योजनेतल्याच दवाखान्यांत. तुमचे डॉक्टर बसतात तो दवाखाना त्यात आहे का, हे घरात कुणी विचारलं होतं?

आणखी एक गंमत. तुम्ही धास्ती घेतली ती गेल्या वर्षीची ४१,३०० ची पावती बघून. त्यात ६,३०० जीएसटी होता. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. यंदा मूळ हप्ता थोडा वाढूनही तुम्हाला ३६,८०० च पडले.

आता मॅडमची पॉलिसी. तुम्ही पाठवलेल्या कागदावर ‘हमी’ या शब्दाभोवती पेनानं दोनदा गोल केलाय. हमी खरी आहे. फक्त ती चार टक्क्यांची आहे, ते कुणी बोललं नाही. सात वर्षं लाख-लाख भरायचे. आठ वर्षं पूर्ण झाली की वर्षाला ४० हजार, तेरा वेळा, आणि विसाव्या वर्षाअखेर भरलेले ७ लाख परत. मांडून बघा, परतावा चार टक्क्यांच्या आसपास येतो. तेच लाख-लाख बँकेच्या साध्या ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले, तर सात वर्षांनी ९ लाखांवर जातात. मग मुद्दलाला हात न लावता वर्षाला ५९ हजार व्याज. ४० कुठं, ५९ कुठं! ‘एफडीसारखंच आहे, उलट चांगलं’ असं मॅडम म्हणाल्या होत्या ना? मॅडम गोड असतील. कमिशनही गोडच असतं.

आणि पहिली साडी कधी येणार? बासष्टाव्या वर्षी. तेव्हाचे ४० हजार, महागाई सहा टक्के धरली, तर आजचे २५ हजार. शेवटचा हप्ता हातात पडेल तेव्हा तुम्ही ७४ च्या, आणि त्याची किंमत आजच्या साडेबारा हजारांएवढी. चोपन्नाव्या वर्षी नेसायची साडी चौऱ्याहत्तराव्या वर्षासाठी राखून ठेवायला तुम्हाला कुणी सांगितलं?

कागदावर कुणीच न पाहिलेली गोष्ट तर वेगळीच. तुमची नोकरी ५८ ला संपते. हप्ते ६० पर्यंत आहेत. पगार थांबल्यावर ते लाख कुठून आणणार होता?

तुम्ही एकच हप्ता भरलाय, दुसरा दोन महिन्यांनी आहे. तो भरू नका. ३० दिवसांत पॉलिसी परत करायची मुभा होती, ती गेली. ‘मग माझा लाख?’ असं तुम्ही विचारणार. तो पूर्ण बुडाला असं धरून हिशेब करतो. उरलेले सहा लाख त्या पॉलिसीत न घालता ठेवीत टाकले, तर त्याच वेळी साडेसात लाख होतात आणि वर्षाला ४९ हजार देतात. म्हणजे एक लाख पाण्यात गेला तरी तुम्ही पुढेच राहता. बहुधा पूर्ण बुडणारही नाही. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या नियमांप्रमाणे वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल, तर पहिलं वर्ष संपल्यावर काही सरेंडर रक्कम, म्हणजे पॉलिसी मधेच सोडल्यावर परत मिळणारे पैसे, मिळते. किती, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. तोंडी आकडा ऐकायचा नाही. ‘एफडीसारखंच’ हा मॅडमचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर अजून असेल तर तो जोडून कंपनीकडे तक्रारही करा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज जातो, फी नाही. लाखच्या लाख परत मिळेल असं मी म्हणत नाही, पण अर्ज करायला काय जातंय?

पॉलिसी थांबली की महिन्याचे ८,३०० मोकळे होतात. तीन हजार मेडिक्लेमसाठी बाजूला. बाकीच्यातले ५ हजार आरडीत टाका, निवृत्तीपर्यंत चार वर्षांत पावणेतीन लाख होतील. भिशी यंदाची पुरी करा, पुढची धरू नका. सराफाचा एक हप्ता ‘फुकट’ मिळतो आणि घडणावळीत परत जातो. तुमची ठुशी लॉकरमध्ये आहे असं तुम्हीच लिहिलंय. आधी ती गळ्यात येऊ दे.

हं, आता साड्या. अडीच हजार जास्त नाहीत. ४५ हजारांच्या घरात साडेपाच टक्के. वर्षाला लाखाच्या पॉलिसीवर घरात कुणी तोंड उघडलं नाही आणि तुमच्या साडीवर चर्चा होते, याचा मला रागच येतो. तरी यादी पाहिली म्हणून बोलतो. वर्षाच्या ३० हजारांतले १७ हजार प्रदर्शनं आणि मोबाइलवर पाहून मागवलेल्या साड्यांत गेलेत. साडेसहा हजारांची सिल्क दोनदा नेसलात, म्हणजे एका वेळेला सव्वातीन हजार. बाराशेची अंजिरी सुती इरकल वर्षभरात तीस वेळा, म्हणजे चाळीस रुपये. तुम्हाला शोभते कुठली, हे तुम्हीच लिहिलंय: ग्राहक विचारतात ती इरकल.

माझी मोठी बहीण तुमच्याच वयाची. ती नवी साडी घ्यायच्या आधी टेलरकडे जाते. पन्नाशीनंतर माप बदलतं, ब्लाऊज दंडाला रुतायला लागतो, आणि मग चांगली साडीही कुणाकडून तरी मागून आणल्यासारखी दिसते. दोन नवे, मापाचे, कोपरापर्यंत बाह्यांचे ब्लाऊज, एक काळा आणि एक खणाचा, दहा साड्यांवर चालतात. आईच्या जुन्या सिल्कचे जरीचे काठ चांगले असतील तर पॉलिश आणि नवा फॉल, तेवढ्यात ती पुन्हा उभी राहते. फाटत आली असेल तर तिचं जॅकेट शिवून घ्या, सुती कुर्त्यावर घाला. पायात चप्पल लाईनमधली खऱ्या चामड्याची कोल्हापुरी, तेल दिलेली, पावसात न नेलेली. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तशाच चपला चालवल्या आणि मग बोभाटा झाला. आपल्याला रिक्षानं जाऊन मिळतात.

महिन्याला अडीच हजार काढतच राहा, पण वेगळ्या खात्यात, आणि तीन महिन्यांतून एकदा दुकानात जा, हातानं कापड बघून. प्रदर्शनाचं आमंत्रण आलं तर भिशीतल्या मैत्रिणींना पाठवून द्या.

पॉलिसीचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो असं तुम्ही लिहिलंय. म्हणून सोमवारी बँकेत जा, ती अंजिरी इरकल नेसून. मँडेट, म्हणजे हप्ता कापायला दिलेली परवानगी, रद्द करायचा अर्ज दोन प्रतींत न्या. मॅडम चहा मागवतील. चहा घ्या, पण दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का पडल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.