पेनड्राइव्ह फॉरमॅट मारण्याआधी दोन आकडे ताडून बघा

फॉरमॅटची घाई करू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून पंचवटीतल्या तुमच्या स्टुडिओच्या या ६४ जीबी पेनड्राइव्हला एक नाही, दोन दुखणी आहेत. दिसणाऱ्या फाइली जेमतेम १५ जीबीच्या, तरी ४८ जीबी भरल्याचं दाखवतोय, हे एक. आणि ११ जीबी मोकळे असूनही लग्नाचा ६ जीबीचा व्हिडिओ चढत नाही, ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणतो, हे दुसरं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. (६४ ऐवजी ५९.६ का दिसतात, तर कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या. तिथे कुणी फसवलेलं नाही.)

आधी भरलेली जागा. ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘यूज्ड स्पेस’ बघा. मग ड्राइव्ह उघडून सगळं सिलेक्ट करा आणि पुन्हा प्रॉपर्टीज. या दोन आकड्यांत मोठी तफावत म्हणजे काहीतरी लपलेलं आहे. तुमच्या बाबतीत माझा संशय सरळ मॅकवर जातो. गंगापूर रोडचे तुमचे एडिटर मॅकवर काम करतात म्हणालात ना? मॅकवर पेनड्राइव्हमधली फाइल डिलीट केली की ती त्याच पेनड्राइव्हवरच्या लपलेल्या ‘ट्रॅशेस’ फोल्डरमध्ये जाऊन बसते. पेनड्राइव्ह लावलेला असतानाच ट्रॅश रिकामा केला तरच जागा सुटते. बहुतेक जण डिलीट करतात, पेनड्राइव्ह काढतात आणि निघतात. विंडोजमध्ये ‘व्ह्यू’मधून ‘हिडन आयटम्स’ चालू करा. नावाआधी टिंब असलेला ट्रॅशेस फोल्डर दिसेल, त्यात ५०१ अशा नावाचा फोल्डर आणि त्यात मागच्या सीझनची सगळी लग्नं! एडिटरना फोन करून कामाचं काही नाही ना विचारा, मगच शिफ्ट दाबून डिलीट करा.

तिथे काही नसेल तर ‘फाउंड’ नावाचा फोल्डर शोधा. इजेक्ट न करता उपटलेल्या पेनड्राइव्हवर एरर चेकिंग चालवलं की तुटक्या फाइलींचे तुकडे त्यात गोळा होतात. आणि फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसत असतील तर तो झेरॉक्सच्या दुकानातून आलेला व्हायरस. खरे फोल्डर लपवलेले असतात, गेलेले नसतात. तेव्हा शॉर्टकटवर क्लिक न करता आधी अँटिव्हायरस चालवा.

आता ६ जीबीचा व्हिडिओ. प्रॉपर्टीजमध्ये ‘फाइल सिस्टिम’समोर (म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) फॅट३२ लिहिलेलं असणार. तिथे एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवताच येत नाही, मग ड्राइव्ह पूर्ण रिकामा का असेना. इलाज एक्सफॅट, ही मोठ्या फाइली चालणारी दुसरी फाइल सिस्टिम. त्यासाठी मात्र फॉरमॅट करावंच लागतं, म्हणून १५ जीबी आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. कुणी विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टिम सुचवेल, फाइली न पुसता बदलताही येतं, पण मॅक ते फक्त वाचतो, त्यावर लिहीत नाही. एडिटर वैतागतील.

एक अडचण राहते. गिऱ्हाइकाचा टीव्ही जुना असेल तर एक्सफॅट ओळखत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाला द्यायचा पेनड्राइव्ह फॅट३२ च ठेवा आणि एडिटरकडून व्हिडिओ ४ जीबीच्या आतल्या दोन भागांत काढून घ्या. स्टुडिओ-एडिटर फेऱ्यांसाठीचा एक्सफॅट.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, रस्त्यावर काही शे रुपयांत मिळणाऱ्या २ टीबी पेनड्राइव्हचा. घेऊ नका. आत साठवणीची चिप छोटी असते, कंट्रोलर (पेनड्राइव्ह चालवणारी आतली चिप) कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगतो. खरी जागा संपली तरी कॉपी चालू राहते, नावं दिसतात, फाइली उघडत नाहीत. घेतलाच असेल तर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. ते पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं. वेळ बराच लागतो, लावून ठेवा. खोटा निघाला तर लग्नाचं काही त्यावर ठेवू नका.