उसाच्या रानात सापडलेले राणीछाप रुपये कुणाचे?

प्रश्न थोडक्यात असा. पन्हाळा तालुक्यातल्या एका तरुण वाचकाने मित्राचं मेटल डिटेक्टर चुलत्यांच्या रानात फिरवलं. खोडवा काढून नांगरलेल्या जमिनीत, बांधालगत मातीचं गाडगं लागलं. आत 38 चांदीचे रुपये निघाले: व्हिक्टोरिया राणीचे, सातव्या एडवर्डचे, पंचम जॉर्जचे. सोबत पितळी बटणं आणि शिशाच्या गोळ्या. चुलते म्हणतात, "प्लेगात माझ्या आजोबांनी पुरलं, म्हणजे ते आमचंच." तीन नाणी सराफाकडे गेली आहेत आणि एक जण परदेशातला गिऱ्हाईक आणतो म्हणतोय. आता काय करायचं?

सगळ्यात आधी ती तीन नाणी परत आणा, आजच. ती आटवली गेली तर अडचण तुमची होईल. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली, की कलम 4 नुसार सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. नांगराने निघालं की यंत्राने, हे कायदा विचारत नाही. कळवलं नाही किंवा ओळख बुजावी म्हणून वस्तूत बदल केला, तर कलम 20 नुसार तुमचा हिस्सा सरकारजमा होतो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता चुलत्यांचं म्हणणं. पुरणाऱ्याचे वारस म्हणून हक्क सांगता येतो, पण निधी सापडण्याआधीच्या शंभर वर्षांत पुरलेला असला तरच, आणि तेही दिवाणी न्यायालयात शाबीत करावं लागतं. म्हणून गाडग्यातलं सगळ्यात नवं नाणं नीट पाहा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पंचम जॉर्जच्या एका रुपयावर 1918 स्पष्ट दिसतं. म्हणजे हे गाडगं 1918 च्या आधी पुरलेलं असूच शकत नाही. 1897 च्या आसपासच्या प्लेगाची गोष्ट इथेच गळते. आणि ती खरी धरली, तरी शंभर वर्षांच्या बाहेर जाते, म्हणजे चुलत्यांच्या कामी येत नाही. 1918 च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत पुरलं असेल तरी तेच. 1930 च्या सुमारास पुरलं असं कुणी पुराव्यानिशी दाखवलं, तर मात्र दावा उभा राहतो, आणि मग तो एकट्या चुलत्यांचा नाही, लग्न होऊन गेलेल्या आत्यांसकट सगळ्या वारसांचा. जुन्या नाण्यांवरून फसू नका: 1862 साल असलेले राणीछाप रुपये पुढे 1874 पर्यंत त्याच सालाने पाडले जात होते. म्हणून एकही नाणं घासू नका, चिंचेच्या पाण्यात तर अजिबात टाकू नका. गाडग्याची खापरं, बटणं, गोळ्या, सगळं एकत्र ठेवा. तुमचा पुरावा तोच आहे.

निधी बेवारस ठरला तर कलम 12 लागतं. आपसात करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला, एक हिस्सा जागेच्या मालकाला. करार असेल तर करारच चालतो. माझं ऐकाल तर चुलत्यांशी आणि यंत्रवाल्या मित्राशी वाटणीचा कागद आधी करा. 38 रुपयांसाठी भाऊबंदकी कोर्टात गेलेली मला बघवणार नाही. सातबाऱ्यावर चुलत्यांसोबत आणखी नावं असतील, तर त्यांच्याही सह्या घ्या. सरकारला निधी हवा असेल तर ते तो घेऊ शकतं. त्या वेळी धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग मिळतो. नाणी जमवणाऱ्यांचा भाव मिळत नाही, हे मनाशी धरून ठेवा.

परदेशी गिऱ्हाइकाला साफ नाही म्हणा. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं आहे.

"आता पन्हाळ्यावर यंत्र फिरवू का," असंही तुम्ही विचारलंय. मुळीच नको. पन्हाळगड केंद्राचं संरक्षित स्मारक आहे, तिथे परवान्याशिवाय कुदळ मारणं गुन्हा आहे. आणि गुन्ह्याचं सोडा, 1844 च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे गड राखणाऱ्या शिबंदीच्या, बंडात ज्या गडावर तोफा डागल्या गेल्या, तिथली एक गोळी जागेवरून हलली की तिची हकिगत कायमची गेली. आपल्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीने काय दिलं, ते एकदा टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाऊन बघा. तिथली पॉसिडॉनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी ब्राँझमूर्ती कोल्हापूरचा रोमशी असलेला व्यापार सांगते. ती कुणी भंगारात घातली असती तर?

अर्जात काय सापडलं, अंदाजे किंमत, गट क्रमांकासह जागा आणि तारीख लिहा. सराफाकडे गेलेल्या तीन नाण्यांचा उल्लेख स्वतःहून करा, लपवू नका. मित्राचंही नाव घाला, म्हणजे सापडणारा कोण यावर पुढे वाद होणार नाही. नाणी एकतर कोषागारात जमा करावी लागतील, नाहीतर हजर करण्याबद्दल जामीन द्यावा लागेल. नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. त्यानंतर दावेदारांसाठी जाहीर सूचना निघते, सुनावणीला चार ते सहा महिने लागतात. तोवर गाडग्याचे फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका. रात्री दुसरं कुणी तरी यंत्र घेऊन रानात यायचं.