तिला तिसऱ्या तारेबद्दल बोलू द्या

ऐरोलीच्या पालकांस,

आपले तीन पानी पत्र मी दोनदा वाचले. मुलगी इन्स्ट्रुमेंटेशन डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, गुण 78 टक्क्यांच्या आसपास आहेत आणि अभियांत्रिकी पदवीच्या थेट द्वितीय वर्षाला तिने कॉम्प्युटर शाखाच घ्यावी असे ‘आम्ही ठरवले आहे’, असे आपण लिहिता. गुणांची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटली ती आपण जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याची: रबाळ्याच्या कारखान्यातले प्रशिक्षण आटोपून आल्यावर ती जेवताना ‘सेन्सरला तिसरी तार कशाला लागते’ हे सांगत बसते आणि आपण तिला ‘आधी जेव’ म्हणून गप्प करता. तीन पानांत तिचे स्वतःचे म्हणणे आले आहे ते एवढेच.

ती सांगत होती ते असे असणार. पीटी-100 या तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा विद्युत रोध शून्य अंशाला 100 ओहम आणि शंभर अंशांना 138.5 ओहम असतो, म्हणजे एका अंशामागे जेमतेम 0.385 ओहम. ट्रान्समीटरपर्यंतच्या, म्हणजे सेन्सरचे वाचन विद्युतप्रवाहाच्या रूपात कंट्रोल रूमला पाठवणाऱ्या उपकरणापर्यंतच्या, तारांचाच रोध एक ओहम भरला तर वाचनात अडीच अंशांहून अधिक चूक होते, आणि तो रोध मोजून वजा करता यावा म्हणून तिसरी तार जोडतात. दिवसभर उभे राहून आलेल्या मुलीला हे घरी सांगावेसे वाटते, यापेक्षा चांगली कलचाचणी माझ्याकडे नाही. महाप्यात सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या पुतण्याचा पगार आपण चार वेळा लिहिला आहे. तिची शाखा त्यावरून ठरवू नये.

‘हल्ली ट्रान्समीटर लॅपटॉपवरूनच सेट होतो, मग त्यात शिकायचे काय उरले?’ हा आपला प्रश्न मात्र गैरसमजातून आला आहे. सेटिंग सोपे झाले आहे, काय सेट करायचे हे ठरवणे सोपे झालेले नाही. ट्रान्समीटर रेंजच्या तळाला 4 आणि माथ्याला 20 मिलिअँपिअर प्रवाह पाठवतो. समजा, त्याची रेंज 0 ते 200 अंश ठेवली आणि कंट्रोल रूममधील स्केल 0 ते 150 राहिले. टाकीत 120 अंश असताना 13.6 मिलिअँपिअर प्रवाह जाईल आणि पडद्यावर 90 अंश दिसतील. प्रवाह 4 ते 20 मिलिअँपिअरमध्येच असल्याने हा बिघाड आहे असे कोणत्याही यंत्रणेला वाटणार नाही. सेन्सरची तार तुटल्यावर सिग्नल वर न्यायचा की खाली, हेही आधीच ठरवावे लागते. तापवण्याच्या टाकीवर तो खाली नेला, तर नियंत्रक टाकी थंड आहे असे समजून वाफेचा व्हॉल्व्ह आणखी उघडेल. हा निर्णय घ्यायला ती प्रक्रिया कळावी लागते, आणि आपली मुलगी सध्या नेमके तेच शिकते आहे.

तळोज्यातील पाळ्यांची आपली भीती खोटी नाही. रासायनिक कारखान्यात पाळ्या असतात आणि साइटवर उन्हात उभे राहावे लागते. परंतु याच विषयात कॅलिब्रेशन (उपकरणांची अचूकता तपासण्याच्या) प्रयोगशाळा, पॅनेलचे डिझाइन, ट्रान्समीटर बनवणाऱ्या कंपन्यांतील चाचणी विभाग अशी कामेही आहेत, आणि त्यातले काय झेपेल हे तिला विचारल्याशिवाय आपल्याला कळणार नाही.

थेट द्वितीय वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर होतो, सीईटी लागत नाही. आधी अप्रेंटिसशिप करण्याचा मार्गही खुला आहे.

कॉलेज आणि शाखांची पसंती नोंदवण्याचा विकल्प अर्ज आपण भरू नये, तिला भरू द्यावा. त्याआधी येत्या रविवारी तिच्यासमोर बसून ती तिसऱ्या तारेची गोष्ट मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐका. त्यानंतरही ती स्वतः कॉम्प्युटरच हवे म्हणाली, तर माझी काहीच हरकत नाही. मात्र पुढचे पत्र तिने लिहावे, आणि पाळ्यांविषयी तिचे मत काय आहे तेही त्यात असावे.