कृषी सल्ला: पालक किती गुंठे, वांगी किती?

प्रश्न (गोराई, मुंबई): भात काढल्यावर २० गुंठ्यांत पालक आणि वांगी घ्यायची आहेत. घरची दोघं मिळून हंगामात १२० हजेऱ्या (एका माणसाचं एका दिवसाचं काम म्हणजे एक हजेरी) भरू शकतो. गुंठ्याला पालकाच्या ८ आणि वांग्याच्या ४ हजेऱ्या पडतात. विहिरीवरची मोटर आठवड्याला १७ तास चालते. पालकाला गुंठ्यामागे अर्धा तास लागतो, वांग्याला एक. घरची मजुरी न धरता गुंठ्याला पालकाचे ३,००० आणि वांग्याचे २,४०० रुपये सुटतात. बारावीतल्या मुलीने लिनियर प्रोग्रॅमिंग (अटींच्या रेषा आलेखावर ओढून सगळ्यात जास्त नफा शोधायची रीत) करून ५६,४०० रुपये काढले, पण ती वाटणी रानात बसत नाही. चुकलं कुठे? मजूर लावावा का?

उत्तर: नमस्कार. मुलीने आलेख छान काढलाय, रेषाही बरोबर आहेत. आडव्या अक्षावर पालक, उभ्यावर वांगी. मजुरीची रेषा १५ पालक ते ३० वांगी, पाण्याची ३४ पालक ते १७ वांगी. या दोन रेषा छेदतात तो बिंदू तिने उत्तर म्हणून घेतला: पालक ८.६७, वांगी १२.६७. बेरीज करा, २१.३३ गुंठे होतात. जमीन २०च आहे.

दोन रेषा छेदल्या म्हणजे तो बिंदू चालतोच असं नाही. तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या जातात तेवढाच भाग तिला पेन्सिलीने रंगवायला सांगा. जमिनीची रेषा २० ते २० अशी ओढली की तो छेदबिंदू बाहेर पडतो आणि त्याच्या जागी दोन नवे कोपरे तयार होतात. सगळ्यात जास्त नफा रंगवलेल्या भागाच्या कोपऱ्यावरच मिळतो, म्हणून फक्त कोपरे तपासायचे. नुसता १५ गुंठे पालक केला तर ४५,०००. नुसती १७ गुंठे वांगी, ४०,८००. पालक ६ आणि वांगी १४ केली तर ५१,६००. दोन्ही १०-१० केली तर ५४,०००. हेच तुमचं उत्तर.

मजूर लावू नका. इथे एक हजेरी वाढवली तर नफा १५० रुपयांनीच वाढतो, आणि मुंबईत एवढ्या रोजावर कोण येणार? त्यापेक्षा शेजारचा एखादा गुंठा खंडाने मिळतोय का बघा. मग पालक ९, वांगी १२ करा, नफा १,८०० ने वाढेल. खंड त्याहून कमी असेल तरच घ्या. सव्वा गुंठ्याच्या थोडं पुढे गेलात की पाणी पुरणार नाही.

१०-१० मध्ये मोटरीचे दोन तास उरतात. ते उरू द्या. गोराईला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र; विहीर फार उपसली की खारं पाणी आत ओढलं जातं. पालक ते थोडंफार सोसतो, वांग्याला मात्र फटका बसतो.

पालकाची कमाई गुंठ्याला २,४०० ते ४,८०० च्या दरम्यान आहे आणि वांग्याची २,४०० च आहे, तोवर वाटणी बदलू नका. पालक २,४०० च्या खाली गेला तर ६-१४ वर या.

एक गोष्ट आलेखात दिसत नाही. १२० हजेऱ्या पूर्ण हंगामाच्या आहेत. दहाही गुंठे पालक एकाच दिवशी पेरलात तर महिनाभराने सगळी काढणी आणि जुड्या बांधणं एकाच आठवड्यात येईल, आणि दोघांना ते झेपणार नाही. आठवड्याला अडीच गुंठे असं चार टप्प्यांत पेरा.