शंभर वर्षांचा पूर दोन वर्षांत कसा परत आला?

प्रश्न : सांगलीत गावभागात माझं कृषी सेवा केंद्र आहे. आयर्विन पुलाजवळ पाणी ५० फुटांवर गेलं की आमच्या उंबऱ्याला लागतं. २०१९ ला सहा लाखांचा माल गेला. असा पूर शंभर वर्षांतून एकदा, असं तेव्हा सगळे म्हणाले. २०२१ ला पुन्हा आत पाणी! आता विम्याचा हप्ता वर्षाला ४०,००० सांगतात. घ्यावा का?

उत्तर : पाटबंधारे खात्यात नोकरी केल्यामुळे ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कृष्णामाई पंचांग बघून येत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की दरवर्षी शक्यता १ टक्का. यंदा येऊन गेला तरी पुढच्या वर्षी तेवढीच. आणि तुमच्या दुकानाला तर तेवढ्या मोठ्या पुराचीही गरज नाही, ५० फूट पुरे. ते २००५, २०१९ आणि २०२१ असं तीनदा ओलांडलं गेलं. आता २००५ पासूनच मोजलं तर आकडा फुगतो, कारण सुरुवातच वाईट वर्षापासून होते. आपण हात राखून वर्षाला ५ टक्के धरू. दहा वर्षांत निदान एकदा पाणी आत यायची शक्यता तरीही ४० टक्के निघते.

सहा लाखांचे ५ टक्के म्हणजे सरासरी वर्षाला ३०,०००. हप्ता त्याहून जास्त, म्हणून महाग वाटेल. पण नुकसान सरासरीने होत नाही, एका रात्रीत सहा लाख जातात. ते सोसायची ताकद नसेल तर वरचे १०,००० द्यावेत.

त्याआधी माळा करा. २०१९ ला पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, म्हणजे तुमच्याकडे उंबऱ्यावर सातेक फूट. कमरेएवढ्या फळ्या काय कामाच्या? आठ फुटांवर माळा घालून औषधं आणि बियाणं वर ठेवलंत आणि चार लाखांचा माल वाचला, तर सरासरी नुकसान १०,००० वर येतं. माळ्याला ६०,००० लागले तरी तीन वर्षांच्या हिशेबात वसूल.

औषधांचं मी मुद्दाम म्हणतो. खत विरघळलं तर तुमचा तोटा, पण कीटकनाशकाचे डबे फुटले तर ते पाणी अख्ख्या गल्लीच्या घरांत शिरतं. पूर नदीचा, विष मात्र आपलं. हा धोका रुपयांत मांडता येत नाही, म्हणून हिशेबातून सुटतो.

युरियाची ४५ किलोची पोती माळ्यावर कोणी चढवणार नाही. त्यासाठी इशारा पातळी ४० फुटांची आहे, तेव्हाच टेंपो सांगा. ४५ म्हणजे धोका पातळी. तोवर थांबलात तर सगळ्या गावाला टेंपो हवा असतो आणि भाडं विचारायची सोय राहत नाही.

पॉलिसीत पूर धरलाय का, आणि माळ्यावरचा व बाहेर हलवलेला मालही त्यात येतो का, हे एजंटाकडून लेखी घ्या. माळा झाल्यावर हप्ता कमी होतो का, तेही विचारा. साठ्याच्या वहीची प्रत मात्र दुकानात ठेवू नका.