तोरणमाळला तंबू की कॅम्पर ट्रेलर?

प्रश्न : ताई, डिसेंबरात मुलं आणि सासूबाईंना घेऊन तोरणमाळला मुक्काम करायचाय. तंबू घ्यावा की गाडीमागे ओढायचा, आत झोपायची सोय असलेला कॅम्पर ट्रेलर? – एक वाचक, शिरपूर

उत्तर : तंबूच घ्या. तोरणमाळचा घाट वळणावळणाचा. ट्रेलरची चाकं वळणावर आतल्या अंगाला येतात आणि रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. सवय नसलेल्याला घाम फुटतो. शिवाय वर्षभर तो उभा कुठे करणार?

तंबू मात्र दुहेरी कापडाचाच हवा, म्हणजे आत एक कापड आणि त्यावर थोडं अंतर सोडून दुसरं. एकेरी कापडावर श्वासाची वाफ गारठून थेंब धरते आणि पहाटे पांघरुणावर टपकते. ताडपत्री अंथराल तिची कड तंबूखाली दुमडा, नाहीतर दवाचं पाणी आत ओढलं जातं. सासूबाईंसाठी फोल्डिंगची खाट न्याच, तिथे काटकसर नको. मुक्कामाची जागा आधी वनखात्याला विचारून ठरवा.