जॉनी सेन एवढे मोठे पिचिंग कोच होते, तर त्यांना पुन्हा पुन्हा काढलं का? त्यांची पद्धत मुलाला चालेल का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकन बेसबॉलमध्ये पिचरना, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्यांना, शिकवणारे सेन खरंच सर्वश्रेष्ठ होते का, असतील तर त्यांच्या नोकऱ्या टिकल्या का नाहीत, आणि "हात रोज चालता ठेवा" ही त्यांची पद्धत अमेरिकेत शाळेच्या संघात पिचिंग करणाऱ्या तुमच्या 14 वर्षांच्या मुलाला वापरता येईल का. तिसऱ्याचं उत्तर आधी देतो: अर्धी वापरता येईल. कुठली अर्धी, ते पद्धत समजल्याशिवाय सांगून उपयोग नाही.

सर्वश्रेष्ठ कोण यावर वाद होऊ शकतो, पण त्यांची यादी बघा. 1961 साली ते न्यूयॉर्क यांकीजचे पिचिंग कोच झाले. व्हाइटी फोर्ड तोवर दहा वर्षं जुना, नावाजलेला पिचर होता, तरी एका हंगामात 20 विजय त्याला कधी जमले नव्हते (संघ जिंकला की तो विजय एका पिचरच्या नावावर लागतो). त्या वर्षी त्याने 25 जिंकले, 4 हरले. पुढच्या दोन वर्षांत राल्फ टेरी 23 आणि जिम बाउटन 21. मग मिनेसोटात 1965 ला मडकॅट ग्रँट 21, 1966 ला जिम काट 25. डेट्रॉइटमध्ये 1967 ला अर्ल विल्सन 22, 1968 ला डेनी मॅक्लेन 31. त्यानंतर आजवर कोणीही 30 गाठलेले नाहीत. शिकागो व्हाइट सॉक्समध्ये विल्बर वुड सलग चार वर्षं 20 किंवा जास्त, आणि 1972 ला स्टॅन बानसेन 21. म्हणजे 20 चा आकडा गाठणारे नऊ वेगवेगळे पिचर, चार वेगवेगळ्या संघांत. 1961 ते 1968 या आठ हंगामांत सेन ज्या संघात होते तो संघ पाचदा वर्ल्ड सिरीजला, म्हणजे हंगामाच्या अंतिम लढतीला, पोहोचला. एवढं सगळं नशिबावर घालता येत नाही. फोर्डच्या बाबतीत श्रेय वाटून द्यावं लागेल, कारण नवे मॅनेजर (संघाचे मुख्य प्रशिक्षक) राल्फ हाउक यांनी त्याला ठरावीक दिवसांनी नेमाने खेळवायला सुरुवात केली होती.

स्वतः सेन वेगवान पिचर नव्हते, आणि माझ्या मते त्यांच्या कोचिंगचं मूळ तिथेच आहे. जन्म 1917, आर्कान्सा राज्यातल्या हवाना गावचा. बोस्टन ब्रेव्ह्जकडून 1946, 1947, 1948 आणि 1950 अशी चार वर्षं 20 किंवा जास्त विजय मिळवले. 1948 च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना बॉब फेलरसारख्या तुफानी पिचरविरुद्ध 1-0 ने जिंकला. 15 एप्रिल 1947 ला जॅकी रॉबिन्सन, आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पहिल्यांदा मेजर लीगमध्ये (सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये) बॅटिंगला उभा राहिला, तेव्हा समोर पिचर सेनच होते. वेग नसताना हे जमलं ते चेंडूच्या फिरकीवर. महायुद्धात ते नौदलात वैमानिक होते. हवेत वस्तू वर का उचलली जाते, खाली का येते हा विषय त्यांना कोरडा वाटत नसे.

आता पद्धत. पहिला भाग फिरकी शिकवण्याचा. त्यासाठी ते बेसबॉलमधून आरपार सळई घातलेलं एक साधन वापरत. घरी करायचं तर जुना चेंडू शिकंजात घट्ट धरा, बरोबर मध्यातून 6 मिमीचं भोक पाडा आणि दोन्ही बाजूंना बोटभर बाहेर राहील अशी लाकडी काडी घाला. चेंडू पकडीत धरून बोटांनी फिरवला की काडी दाखवते आस कुठे आहे. फोर-सीम फास्टबॉलला (सरळ वेगवान चेंडूला) काडी जमिनीला समांतर, पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे, म्हणजे पिचरच्या दोन बाजूंना, रोखलेली, आणि चेंडू मागे फिरणारा. अशा फिरकीने चेंडूला वर आधार मिळतो, तो बॅटरच्या अपेक्षेपेक्षा कमी पडतो. कर्व्हबॉलला काडी तशीच आडवी, पण चेंडू पुढे फिरणारा, म्हणून तो झपकन खाली जातो. स्लायडरला काडीचं टोक बरंचसं कॅचरकडे, म्हणजे बॅटरमागे चेंडू पकडणाऱ्याकडे, वळलेलं असतं. ही फिरकी चेंडूला वर-खाली फारसं ढकलत नाही, त्यामुळे तो फास्टबॉलसारखा येतो आणि शेवटी वेगळीकडे जातो.

भोक मध्यातून गेलं नाही तर चेंडू डगमगतो आणि साधन निरुपयोगी होतं. भोक पाडलेला चेंडू फेकायचा नाही, हे मुलाला बजावून सांगा.

मुलं चुकतात ती कर्व्हबॉलमध्ये. चेंडू सुटायच्या क्षणी मनगट नळाची चावी फिरवल्यासारखं पिळतात. काडीवर लगेच दिसतं: टोक पहिल्या बेसकडे राहण्याऐवजी कॅचरकडे वळतं, म्हणजे कर्व्ह फेकायचा होता आणि सुटला अर्धवट स्लायडर. वर कोपराच्या आतल्या बाजूला ताण येतो तो वेगळाच. बरोबर कृती अशी: मनगट आधीच, हात डोक्याजवळ येतानाच, आत वळवून ठेवायचं, आणि सुटताना काही पिळायचं नाही, फक्त मधलं बोट चेंडूच्या पुढून खाली ओढायचं. आजचे कोच फिरकी मोजणाऱ्या रॅप्सोडोच्या यंत्रावर आस घड्याळाच्या काट्यात वाचतात, "एक वाजता", "सव्वा वाजता" असं. मोजमाप नेमकं झालं, पण विचार सेन यांच्या काडीचाच आहे.

दुसरा भाग फेकण्याचा. त्या काळी पिचरला सामन्यानंतर दोन-तीन दिवस हात पूर्ण बंद ठेवायला लावत आणि मैदानाला फेऱ्या मारायला पाठवत. सेन यांचं म्हणणं उलट: पळणं कमी, फेकणं जास्त, पण जोर कमी. सामन्यानंतर खांदा आणि पुढचा हात आखडतो, हलकं फेकलं तर हालचाल मोकळी राहते आणि बोटांची जाण जात नाही. कोपर जातं ते मुख्यतः पूर्ण ताकदीने आणि थकलेल्या हाताने केलेल्या फेकींनी.

हे सर्वांत शिस्तीने राबवलं लिओ मॅझोनी यांनी. ते स्वतः मेजर लीगमध्ये एकही सामना खेळले नाहीत. ब्रेव्ह्जच्या मायनर लीग (खालच्या स्तरावरच्या) संघांत काम करताना सेन यांच्याकडून त्यांनी हे घेतलं आणि 1990 ते 2005 अटलांटात, त्याच ब्रेव्ह्जच्या मुख्य संघात, वापरलं. पाच पिचरांच्या पाळीत दोन सामन्यांच्या मधल्या चार दिवसांत बाकी संघ एकदाच बुलपेनमध्ये (पिचरांच्या सरावाच्या जागेत) फेकायला लावत, मॅझोनी दोनदा. वेग मोजायचा नाही, अर्धा-पाऊण जोर, आणि लक्ष्य बॅटरपासून लांबचा खालचा कोपरा. 1991 ते 1998 या आठ वर्षांत नॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार सहा वेळा त्यांच्या पिचरांना मिळाला: ग्लॅविन दोनदा, मॅडक्स तीनदा, स्मोल्ट्झ एकदा. नंतर बाल्टिमोरमध्ये दोन वर्षांत तीच पद्धत काही चालली नाही, हेही लक्षात ठेवा. मॅडक्सच्या दर्जाचा माणूस हाताशी असणं हा पद्धतीचा भाग नसतो.

विल्बर वुडचं उदाहरण देऊन लोक मुलांना जास्त फेकायला लावतात, ते तर साफ चूक आहे. 1972 ला वुडने 49 सामने सुरू केले, जवळपास 377 इनिंग (एका सामन्यात साधारण नऊ) टाकल्या, अनेकदा फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर. पण तो नकलबॉल टाकायचा, ज्यात चेंडू जवळजवळ फिरवायचाच नसतो आणि जोरही लागत नाही. ते गणित फास्टबॉल टाकणाऱ्या हाताला लागू नाही.

मग काढलं का? सेन पिचरांना आपली माणसं मानत आणि मॅनेजरला त्यांच्या कामात फार हात घालू देत नसत. चारचौघांत पिचरवर टीका करत नसत. शिवाय पगाराची बोलणी कशी करायची, हेही पिचरांना शिकवत. त्या काळी करार संपला तरी खेळाडू संघमालकाला बांधलेलाच राहायचा, तेव्हा असा कोच मालकांना कसा आवडेल? यांकीजमधून ते 1963 नंतर गेले, करारावरून वाद होता. पुढच्या हंगामात ती जागा खेळत असलेल्या व्हाइटी फोर्डलाच दिली. मिनेसोटात मॅनेजर सॅम मेलेंशी बिनसलं आणि 1966 नंतर त्यांना काढलं. जिम काटने चाहत्यांना उघड पत्र लिहून निषेध केला. डेट्रॉइटमध्ये मेयो स्मिथशी खटके उडाले आणि 1969 च्या ऑगस्टमध्ये, हंगाम चालू असतानाच घरी पाठवलं. शिकागोत चक टॅनर यांनी पिचिंगचा कारभार मोकळेपणी त्यांच्यावर सोडला, तिथे पाच हंगाम सुरळीत गेले. त्यांना काढण्याची कारणं पिचिंगच्या बाहेरची होती.

आता तुमचा मुलगा. 13-14 वयासाठी मेजर लीगच्या पिच स्मार्ट मार्गदर्शनात दिवसाला जास्तीत जास्त 95 पिच आहेत. 20 पर्यंत टाकले तर सुट्टी नको, 21 ते 35 ला एक दिवस, 36 ते 50 ला दोन, 51 ते 65 ला तीन, 66 पासून पुढे चार. बारा महिन्यांत 100 पेक्षा जास्त इनिंग नकोत आणि वर्षात किमान चार महिने सामन्यांतलं पिचिंग बंद, त्यातले सलग दोन-तीन महिने फेकणंच बंद.

या सुट्टीच्या दिवसांत माउंडवरून (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावरून) बुलपेनचा सराव नको, म्हणजे मॅझोनींचा दोनदाचा नेम इथे बाद. सेन यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच: सामन्याच्या दुसऱ्या दिवशी हात दुखत नसेल तर सपाट जमिनीवर 15-20 मीटरवरून 25-30 सैल फेकी, समोरच्याच्या ग्लोव्हचा "फट्ट" आवाज येणार नाही इतक्या हलक्या. आवाज आला की मुलं नकळत जोर वाढवतात. काडीचा चेंडू रोज दहा मिनिटं हातात असला तरी चालेल, त्याने कोपरावर भार येत नाही.

मोजणी चुकते ती दोन ठिकाणी. शाळेचा संघ आणि ट्रॅव्हल टीम (शाळेबाहेरचा, गावोगावी स्पर्धा खेळणारा संघ) यांचे आकडे कोणी एकत्र धरत नाही, आणि दोन्ही कोच आपापल्या वहीत बरोबर असतात. म्हणून वही तुम्ही ठेवा. दुसरं, पिचिंग करून उतरलेल्या मुलाला त्याच दिवशी कॅचर म्हणून बसवतात. कॅचर दर पिचनंतर चेंडू परत फेकतो आणि त्या फेकी कुठेच मोजल्या जात नाहीत. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय असं मुलाने एकदा जरी म्हटलं तरी हलक्या फेकीही थांबवा आणि खेळाडू तपासणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. तिथलं अस्थिबंध तुटलं तर टॉमी जॉन सर्जरी, आणि परत पिचिंग करायला वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ लागतो.